यूकेच्या हिवाळ्यात मन खचतंय? हे करून बघा

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि मग डिसेंबरात लंडनला चारच्या आतच अंधार. झोप वाढते, भात-ब्रेडची खा-खा सुटते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही... हे सीझनल डिप्रेशन असू शकतं, आळस नाही हा, आईला फोनवर काहीही वाटू दे.

पहिलं काम उजेड. पण गंमत बघा, सगळे सांगतात दुपारी फिरायला जा, आणि आपण वेअरहाऊसची नाइट मारून दुपारी झोपलेलो, खोली बेसमेंटची, हीटर लावायचा तर प्रीपेड मीटर बघून धडकी भरते. म्हणून निदान हिवाळ्यापुरती तरी दिवसाची शिफ्ट मागा, विचारायला पैसे पडत नाहीत. नाहीच जमलं तर उठल्या उठल्या, उजेड जायच्या आत बाहेर पडा, ढग असले तरी तो खोलीतल्या ट्यूबपेक्षा कितीतरी जास्त असतो. १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिवा मिळतो, सकाळी अर्धा तास समोर बसायचं, महाग वाटला तर फ्लॅटमेटनी मिळून घ्या (बायपोलर किंवा डोळ्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा).

घर गारठलं असेल तर पब्लिक लायब्ररीत जाऊन बसा, फुकट आहे, चार माणसंही दिसतात.

आणि हो, व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज भरलाय ना? मग जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, दाखवायचे वेगळे पैसे नाहीत. इंग्लंडात एनएचएस टॉकिंग थेरपीजला (सरकारी आरोग्यसेवेचं समुपदेशन) स्वतःच ऑनलाइन नाव देता येतं, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर मात्र लगेच समॅरिटन्स हेल्पलाइनला ११६ १२३ लावा, रात्री कितीही वाजता, फ्री आहे.