एकच लिलाव, बातम्या दोन: छापायची आणि दाखवायची

समजा, लासलगाव बाजार समितीत कांद्याचा भाव पडला. तुम्हाला तीनशे शब्दांची बातमी द्यायची आहे आणि दीड मिनिटाचा व्हिडिओही. आवारात शिरल्यावर आधी कॅमेरा काढा, वही नंतर. राहिलेला आकडा संध्याकाळी फोनवर मिळतो, हुकलेला लिलाव नाही.

ट्रॉल्यांची रांग लांबून घ्या, व्यापाऱ्यांचा घोळका जरा जवळून, आणि कांदा चाचपणारे हात अगदी जवळून. प्रत्येक शॉट १० सेकंद न हलवता. नवखे लोक सारखं झूम करतात आणि एडिटिंगला बसल्यावर लावण्याजोगं काहीच उरत नाही. लिलावाचा नुसता पुकाराही अर्धा मिनिट रेकॉर्ड करा; दोन बाइटमधला, म्हणजे कॅमेऱ्यासमोर घेतलेल्या छोट्या प्रतिक्रियांमधला, जोड त्याने झाकता येतो.

बाइटआधी शेजारचा ट्रॅक्टर बंद करायला सांगा. ‘भाव पडल्यामुळे नाराज आहात का?’ असं विचारलंत, तर ‘हो’ एवढंच मिळेल. ‘ट्रॉलीत किती माल होता, खर्च जाऊन हातात किती राहिले?’ असं विचारा.

आता हिशेब. ९० सेकंदांतले ३० दोन बाइटना, १० पुकाऱ्याला. उरले ५०. सेकंदाला साधारण दोन शब्द धरले तर निवेदनाला जेमतेम १०० शब्द. त्यात कालचा आणि आजचा सर्वसाधारण दर एवढेच आकडे, तेही पडद्यावर लिहून.

बाकीचं सगळं छापील बातमीत. आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, सगळे क्विंटलमागे. मथळ्यात कमाल दर घालू नका. तो मोजक्याच ट्रॉल्यांना मिळालेला असतो आणि दुसऱ्या दिवशी शेतकरी फोन करून झापतात, ते योग्यच. निर्यातीचा मागोवा चौकटीत द्या: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, डिसेंबरात बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ पासून रद्द. वाचणारा पुन्हा वर जाऊन तारखा जुळवतो. ऐकणाऱ्याच्या कानावरून त्या निघून जातात.

सगळ्यात जास्त फसतं ते छापील कॉपीच निवेदन म्हणून वाचल्यावर. ‘सर्वसाधारण दरात क्विंटलमागे ३०० रुपयांची घसरण नोंदवली गेली’ हे कागदावर चालेल. बोलताना म्हणा, ‘कालच्यापेक्षा आज क्विंटलला तीनशे रुपये कमी.’ आणि शेतकऱ्याचा चेहरा पडद्यावर असताना ‘चेहऱ्यावर चिंता दिसत होती’ हे वाक्य खोडा.