थायरॉइड आणि केसगळती: एकाच बिलावरच्या चुका

थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली, कॅल्शियमच्या दोन स्ट्रिप, लोहाच्या कॅप्सूल आणि केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गमीचा (चघळायच्या गोळ्यांचा) गुलाबी डबा. आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हे चौघं एकाच बिलावर इतक्यांदा येतात की बिल करता करता मी विचारतेच, "ताई, सकाळची गोळी कशाबरोबर घेता?"

"चहाबरोबर. सगळ्या एकदमच घेते, म्हणजे विसरायला नको."

आणि पैसे देता देता पुढचं वाक्य ठरलेलं, "तरी केस गळायचे काही थांबत नाहीत हो."

बिलावरच्या खालच्या तिन्ही गोष्टी पहिलीच्या वाटेत कशा येतात, ते एकेक बघू. पण त्याआधी सगळ्यात महागात पडणारी चूक.

"महिना झाला, गोळी लागू पडत नाही"

डोक्यावरचे साधारण ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या टप्प्यात असतात आणि हा टप्पा दोन ते सहा वर्षं चालतो. उरलेल्यांपैकी बहुतेक विश्रांतीत असतात. ही विश्रांती सुमारे तीन महिन्यांची, त्यानंतर केस मुळापासून सुटतो. थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं, किंवा फार वाढलं, की वाढीतले पुष्कळ केस मुदतीआधीच विश्रांतीत जातात. मात्र त्या दिवशी एकही पडत नाही. पडतात ते दोन-तीन महिन्यांनी. गणपतीत फणीला आलेला पुंजका हा ज्येष्ठातल्या बिघाडाचा असतो.

त्यामुळे कमी पडलेलं हार्मोन भरून काढणारी गोळी सुरू केल्यावरही, आधीच विश्रांतीत गेलेले केस पडणारच. काही जणींना तर पहिल्या काही महिन्यांत गळती जास्तच जाणवते, आणि नेमकी तिथेच "या गोळीनेच केस गेले" म्हणून बाटली कपाटात जाते. पुढच्या तीन महिन्यांच्या गळतीची सोय आपणच करून ठेवतो.

गोळी पुरेशी आहे की नाही हे केस सांगत नाहीत, रक्तातलं टीएसएच सांगतं. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की ते चढतं, जास्त झालं की उतरतं. ही तपासणीही डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, कारण हे औषध शरीरात सावकाश स्थिरावतं. टीएसएच जागेवर आल्यावर केसांना आणखी तीन ते सहा महिने द्यावे लागतात. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. वेणी पुन्हा जाड लागायला वर्ष जाऊ शकतं. हे ऐकून चेहरे पडतात, पण खोटी आशा विकून मी काय करू?

चहा, कॅल्शियम, लोह

५० मायक्रोग्रॅमची गोळी म्हणजे औषध किती? एका ग्रॅमचे वीस हजार भाग करा, त्यातला एक. त्याच घोटाबरोबर घेतलेली ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची गोळी वजनाने त्याच्या दहा हजार पट. कॅल्शियम आणि लोह दोन्ही आतड्यात या औषधाला धरून बसतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. चहा-कॉफी आणि दुधानेही शोषण घटतं. मग टीएसएच चढं दिसतं, डॉक्टर डोस वाढवतात, आणि चहा तसाच.

वेळापत्रक सोपं आहे. उठल्यावर साध्या पाण्याबरोबर गोळी. मग अर्धा-पाऊण तास काही नाही. जमलं तर तासभर. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, लोह संध्याकाळी, म्हणजे गोळीपासून दोन्ही चार तास लांब राहतात आणि एकमेकांच्याही आड येत नाहीत. पहाटे गाडी पकडणाऱ्यांना हे जमत नसेल तर रात्री जेवणानंतर किमान तीन तासांनी, झोपताना घेण्याचा पर्याय डॉक्टरांना विचारावा. रोजची वेळ मात्र एकच हवी.

अजून एक गोष्ट कुणी सांगतच नाही. बऱ्याच जणी पित्ताची गोळीही उपाशीपोटी, याच्या जोडीने घेतात. पोटातलं आम्ल कमी झालं की थायरॉइडची गोळी नीट विरघळत नाही. ती पित्ताची गोळी कायमची असेल तर थायरॉइडच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि बाटली गॅसशेजारच्या खिडकीत ठेवू नका. ऊन, वाफ, दमट हवा या औषधाला मानवत नाही.

बायोटिनचा गुलाबी डबा

प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं आणि ते अंडी, शेंगदाणे, डाळींतून मिळतं. केसांच्या गोळ्यांत ते ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं. कमतरता नसताना त्याचा केसांना उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही. पैसे वाया गेले, इथवर ठीक होतं.

खरी भानगड लॅबमध्ये होते. रक्त तपासण्याच्या अनेक पद्धतींत बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते भरमसाट असेल तर यंत्र फसतं: टीएसएच खोटं कमी आणि टी-३, टी-४ ही थायरॉइडची हार्मोन्स खोटी जास्त येऊ शकतात. म्हणजे रिपोर्ट म्हणतो औषध जास्त झालं. डोस कमी होतो. शरीराला मुळात हार्मोन कमीच पडत होतं, ते आणखी कमी पडतं आणि तीन महिन्यांनी पुंजका पुन्हा हातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बायोटिनमुळे चुकणाऱ्या तपासण्यांबद्दल इशारा दिला होता. तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. मल्टिव्हिटॅमिनच्या डब्यामागची बारीक अक्षरंही वाचा, तिथेही ते असतं. आणि रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्या.

सगळं खापर थायरॉइडवर

थायरॉइडची गळती डोकंभर, सारखी असते. हार्मोन कमी असेल तर केस राठ, कोरडे, तुटके होतात. भुवईचा बाहेरचा, कानाकडचा तिसरा हिस्सा विरळ होतो. हार्मोन जास्त असेल तर केस उलट मऊ आणि बारीक. भांग रुंदावतोय पण मागचे केस शाबूत आहेत, तर कारण बहुधा वेगळं. नाण्याएवढी गुळगुळीत जागा पडली तर ती चाई. ती थायरॉइडच्या रुग्णांत जास्त दिसते, कारण दोन्हींत शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटलेली असते; पण टीएसएच सुधारलं म्हणून चाई भरत नाही, तिचे उपचार त्वचारोगतज्ज्ञांकडे.

टीएसएच नॉर्मल, तरी गळती, असं असेल तर पहिला संशय लोहावर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय महिलांना रक्तक्षय आढळला. हार्मोन कमी असताना पाळीत रक्तस्राव जास्त होतो, त्यातून लोह आणखी घटतं. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिन, म्हणजे हा लोहाचा साठा दाखवणारी चाचणी, करायला सांगावं लागतं.

बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस तसेही गळतात. पण त्याच काळात थायरॉइडला सूजही येऊ शकते. फार थकवा, धडधड, विनाकारण रडू येणं सोबत असेल तर "बाळंतिणीचं होतंच असं" म्हणून सोडू नका.

आणि डाएट! थायरॉइडने वजन वाढलं म्हणून जेवण अर्ध्यावर आणलं, डाळ-अंडी सुटली, दोन महिन्यांत सहा किलो गेले. त्या सहा किलोंच्या मागोमाग केसही जातात. त्यात थायरॉइडचा काही दोष नाही.

"माझी जाऊ १०० ची घेते, मलाही तीच द्या"

नाही देत. जास्त डोसनेही केस गळतात, वर छातीत धडधड आणि हाडांची झीज. गरोदर राहिल्यावर तर गोळी स्वतःहून कमीही करू नका. तेव्हा गरज बहुधा वाढते, लगेच डॉक्टरांना भेटा.

कोबी-फ्लॉवर शिजवून, नेहमीसारखा खा. समुद्री शेवाळाच्या 'आयोडीनयुक्त' गोळ्या मात्र नकोत. आपल्याकडे घरातल्या मिठात आयोडीन असतंच, आणि जादा आयोडीनने थायरॉइड बिघडतोही. तेल लावा, राठपणा कमी होईल. पण ते केसावर काम करतं, ग्रंथीवर नाही. स्मूदनिंगचं म्हणाल तर आधीच तुटक्या झालेल्या केसांना तापलेली इस्त्री कशाला?

परवा एक काकू कपाळावरचे उभे राहिलेले बोटभर केस दाखवत म्हणाल्या, "हे बघ, आता तुटायलाही लागले." मी चष्मा लावून उजेडात पाहिलं. तुटलेल्या केसाचं टोक बोथट किंवा फाटलेलं असतं. यांची टोकं सुईसारखी निमुळती होती. गोळी नीट सुरू करून त्यांना सहावा महिना लागला होता, आणि ते केस नवीन होते.