धडधड चालू असतानाच ईसीजीची पट्टी घड्याळावर कशी पकडायची

आमच्या आईला दोन वर्षं असं व्हायचं की कापूस वेचता वेचता एकदम छातीत धडधड सुरू, मग पदरानं घाम पुसत धुऱ्यावर बसायची, पाणी प्यायची, आणि पाऊण-एक तासानं आपोआप थांबून जायचं. आम्ही तिला गाडीवर बसवून तालुक्याला न्यायचो, रस्ता असा की २२ किलोमीटरला पाऊण तास, तिथं नंबर लागून ईसीजी निघेपर्यंत सगळं शांत झालेलं. कागद नॉर्मल. गॅस आहे, टेन्शन घेऊ नका, ही गोळी घ्या. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळेस घरीच, ओसरीवर, मोठ्या भावाच्या घड्याळावर ३० सेकंदांची पट्टी निघाली आणि नागपूरच्या हार्टच्या डॉक्टरांनी ती पाहून दोन मिनिटांत सांगितलं की हे एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे काळजाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडून ते नुसते थरथरतात. म्हणून हे लिहून राहिलो, कारण गावात अजून कितीतरी जणांची धडधड "गॅस" म्हणून चालली आहे.

पहिले एक समजून घ्या, घड्याळ रोग सांगायला घ्यायचं नाही. ते घ्यायचं ते पट्टी पकडायला. आपला त्रास येतो नि जातो, आणि दवाखाना लांब आहे, या दोन गोष्टींच्या मधली जागा ते भरते, बस.

आता घड्याळ कोणतं. इथं लोक फसतात. दीड-दोन हजारांच्या घड्याळात मागून हिरवा लाईट लागतो तो फक्त नाडी मोजतो, रक्त हिरवा उजेड शोषून घेते आणि प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त कमीजास्त होते, त्यावरून आकडा. हा ईसीजी नाही. ईसीजी म्हणजे काळजातली वीज मोजणं, त्याला दोन टोकं लागतात, एक घड्याळाच्या पाठीला मनगटाशी आणि दुसरं बटणावर किंवा कडेला जिथं दुसऱ्या हाताचं बोट टेकवायचं, मग दोन हात आणि मधे काळीज असं सर्किट पूर्ण होते. ज्या घड्याळाला बोट टेकवायला जागाच नाही आणि तरी डब्यावर ईसीजी लिहिलंय, ते सोडून द्या. स्वस्तातली काही घड्याळं गुंडाळलेल्या टॉवेलला बांधली तरी ७२ दाखवतात, दुकानात करून पाहा.

अ‍ॅपलमध्ये सिरीज ४ पासून पुढं ईसीजी आहे, पण एसई मॉडेलमध्ये नाही, सेकंडहँड घेताना हे नक्की पाहा, आणि आयफोन लागतोच. सॅमसंगच्या गॅलेक्सी वॉच ४ आणि त्याच्या पुढच्यांमध्ये आहे पण ईसीजीचं अ‍ॅप सॅमसंगच्याच फोनवर चालते, घरात दुसऱ्या कंपनीचा फोन असला तर पैसे अडकले समजा. घड्याळ घालायचंच नसेल तर अलाइव्हकोरचं कार्डिया नावाचं छोटं यंत्र येते, त्यावर दोन्ही हातांची बोटं ठेवायची, ते चार्ज करायचीही गरज नाही, सेल असतो, आणि घरातल्या तीन-चार जणांना एकच पुरते. म्हाताऱ्या माणसांना मला तर तेच सोपं वाटते.

सेटिंग करताना घड्याळ कोणत्या हाताला बांधणार ते बरोबर भरा, डाव्याचं उजवं झालं की पट्टी उलटी निघते आणि डॉक्टर गोंधळतात. वय आणि जन्मतारीख खरी टाका, बावीस वर्षांखालच्यांसाठी ही फीचर्स बनवलेली नाहीत. आणि खूप जणांना हे माहीत नसते की तालाच्या सूचना आपोआप चालू नसतात, हेल्थच्या अ‍ॅपमध्ये जाऊन चालू कराव्या लागतात. जास्त ठोक्यांची मर्यादा मी १२० ठेवली, कमीची ४०. माणूस शांत बसलेला असताना ठोके १२० च्या वर दहा मिनिटं राहिले तर अ‍ॅपलचं घड्याळ सांगते. वावरात काम करताना १२० होणारच, त्याची सूचना ते देत नाही, तेव्हा घाबरू नका.

आता खरं काम, पट्टी काढणं. यात घाई केली की कचरा निघतो.

धडधड सुरू झाली की पहिले बसा. खुर्ची असो की खाट, हात मांडीवर किंवा टेबलावर सैल टेकवा, लटकता ठेवू नका. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या थोडं वर, कोपराच्या बाजूला, पट्टा असा की हलणार नाही पण वळही पडणार नाही. घाम पुसा, तेल लावलं असेल तर धुऊन कोरडं करा. अ‍ॅप उघडा, दुसऱ्या हाताचं बोट टेकवा, दाबू नका, दाबलं की अ‍ॅपच बंद होते, आईचं चार वेळा हेच झालं. मग ३० सेकंद हलणं नाही, बोलणं नाही, खोकणं नाही, पोरांना "चूप" म्हणणंही नाही. दोन्ही हात एकमेकांना लागू देऊ नका. मोटारपंपाच्या स्टार्टरजवळ, चालू कूलरला टेकून किंवा चार्जरला लावलेला फोन हातात धरून काढू नका, त्या विजेचा गोंधळ पट्टीत बारीक केसासारखा दिसतो.

कापूस वेचून बोटं फाटलेली असतात, बोंडाच्या टोकानं चिरे पडलेले, अशा कडक बोटानं टेकण नीट बसत नाही. मग कोमट पाण्यात हात धुऊन, पुसून, करंगळीजवळचं बोट लावून पाहा, ते नरम असते. आणि बांगड्या. आई म्हणे, "काऊन रे, सवाष्ण बाईले बांगड्या काढाले लावतं का?" काढायची गरजच नाही, वर सारा, घड्याळ मोकळ्या मनगटावर येऊ द्या, एवढंच.

एक पट्टी काढून थांबू नका, पाच मिनिटांनी दुसरी, आणि शांत झाल्यावर तिसरी. ती नॉर्मल पट्टी डॉक्टरांना तुलनेला लागते. अ‍ॅपलमध्ये त्रासाच्या वेळेसची लक्षणं टाकायची जागा असते, ती भरा, नाहीतर साध्या वहीत लिहा: किती वाजता सुरू झालं, काय करून राहिली होती, चक्कर आली का, किती वेळात थांबलं, त्या आधी चहा किती, खर्रा खाल्ला होता का. खर्ऱ्याचं मुद्दाम लिहितो कारण आमच्याकडे तो हिशोबात कोणी धरतच नाही, पण तंबाखू आणि सुपारी दोन्ही नाडी पळवतात, आणि मोहाची दारू घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी ताल बिघडलेला मी स्वतः एका चुलत भावाच्या पट्टीवर पाहिला आहे. मे महिन्यात ४५ डिग्रीच्या वर ऊन असताना पाणी कमी पडलं की ठोके तसेही वाढतात, म्हणून तेही लिहा.

मग पीडीएफ काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तीच पीडीएफ पाठवा. घड्याळाच्या स्क्रीनचा फोटो काढून पाठवाल तर डॉक्टरांना काहीच मोजता येणार नाही. पीडीएफमध्ये चौकटी असतात, लहान चौकट ०.०४ सेकंद, मोठी ०.२ सेकंद, यावरूनच ते वाचतात.

तुम्हालाही थोडं पाहता येईल. वर टोकदार उभी रेघ निघते तो एक ठोका. कोऱ्या कागदाची कड पट्टीवर ठेवून पहिल्या दोन टोकांच्या मधलं अंतर पेननं मार्क करा आणि तीच खूण पुढं सरकवत जा. अंतर सगळीकडे सारखं असलं तर ताल ठीक चाललाय, मग वेग जास्त असू शकतो. कुठं जवळ, कुठं दूर, कशाचाच मेळ नाही असं असलं तर तेच डॉक्टरांना दाखवायचं आहे. अधूनमधून एखादाच ठोका लवकर येऊन मग मोठा खंड पडतो, असं पुष्कळ धडधाकट माणसांचंही होते, पण तेही दाखवाच. ३० सेकंदांतली टोकं मोजून दुप्पट केली की मिनिटाचे ठोके आले.

घड्याळ जे शब्दांत सांगते त्याचा अर्थ असा. "सायनस ऱ्हिदम" म्हणजे त्या ३० सेकंदांत ताल नॉर्मल, उद्याची हमी नाही. "एट्रियल फिब्रिलेशन" आलं तर पट्टी डॉक्टरांना दाखवून पक्कं करायचं. "अनिर्णित" किंवा "इनकन्क्लूसिव्ह" आलं तर फेकू नका, ठोके फार वेगात असले किंवा दुसराच काही ताल असला तरी ते असं म्हणते, डॉक्टरांच्या डोळ्याला त्यातून दिसते. धडधड सतत १५०-२०० च्या घरात, एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी, ताल सारखा, हा वेगळाच आजार असू शकतो आणि त्यावर चांगला इलाज आहे.

घड्याळ मधूनमधून आपोआप नाडीचा ताल तपासते पण सतत नाही, आणि हात शांत असतानाच. बैलामागं डवरताना ते कधीकधी पावलंच मोजून नाडी म्हणून दाखवते, म्हणून झोपताना घातलेलं जास्त कामाचं. अमेरिकेत ४ लाख १९ हजार लोकांवर अ‍ॅपलच्या घड्याळाचा अभ्यास झाला, २०१९ ला छापून आला, त्यात ताल बिघडल्याची सूचना शंभरात एकालाही नाही, ०.५२ टक्के लोकांना आली, आणि सूचना आलेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीला ताल नोंदवणारा पॅच चिकटवून तपासलं त्यांच्यात साधारण तिसऱ्या हिश्शात तेव्हा फिब्रिलेशन दिसलं. बाकीच्यांना नव्हतंच असं नाही, हे येतंजातं दुखणं आहे. म्हणूनच आईलाही पट्टीनंतर २४ तासांचं होल्टर, म्हणजे दिवसरात्र ताल नोंदवणारं अंगावरचं यंत्र, लावलं, इको म्हणजे काळजाची सोनोग्राफी केली, थायरॉईड तपासला. इको महत्त्वाचा, कारण लहानपणी घसा दुखून सांधे सुजलेले असले, ज्याला आपल्याकडे लोक साधा ताप समजून सोडतात, तर पुढं काळजाची झडप खराब होऊन ताल बिघडतो. आईला विचारा, आजीला विचारा, लहानपणी असं झालं होतं का.

फिब्रिलेशन सोडून देण्यासारखं का नाही, तर वरच्या कप्प्यात रक्त साचून गाठ होते आणि ती डोक्यात गेली की लकवा, नॉर्मल माणसापेक्षा साधारण पाच पट धोका. रक्त पातळ करायची गोळी द्यायची की नाही हे डॉक्टर वय, बीपी, शुगर पाहून ठरवतात. शेजाऱ्याला चालू आहे म्हणून आपण घ्यायची नाही, आणि आता घड्याळ नॉर्मल दाखवते म्हणून बंदही करायची नाही. हे दुसरं मी आमच्या गावात पाहिलं आणि त्याचं फार वाईट झालं, म्हणून पाया पडून सांगतो.

आता घड्याळ बाजूला ठेवायची वेळ. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणं, भोवळ येऊन पडणं, तोंड वाकडं, बोबडी वळणं, एका बाजूचा हात उचलेना, यापैकी काहीही असलं तर पट्टी काढत बसू नका. १०८ लावा. घड्याळाला हार्ट अटॅक कळत नाही, ते एकाच बाजूनं पाहते, दवाखान्यातला ईसीजी बारा बाजूंनी. लकव्यात गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, त्यातला एक तास रस्त्यातच जातो आपला. तसंच फवारणी करून आलेल्या माणसाला घाम, लाळ, उलट्या, धूसर दिसणं होऊन राहिलं आणि नाडी फार मंद झाली तर घड्याळात काय दिसते ते पाहू नका, कपडे काढून अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात न्या. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

दिवसातून वीस वेळा पट्टी काढायचीही गरज नाही, बाबा सुरुवातीला आईला तासातासाला काढायला लावत होते तर त्या धाकानंच तिची धडधड वाढली. त्रास होईल तेव्हा, आणि एरवी आठवड्यातून एकदा सकाळी चहाच्या आधी, एवढं पुरते.

चार्जिंगचं सांगतो, कारण ऐन वेळेस घड्याळ बंद असते. अशी घड्याळं एक-दीड दिवसच चालतात. आम्ही संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेस आई स्वयंपाकाला लागली की काढून लावतो, तसंही कणीक मळताना ती काढणारच असते, आणि जेवण झालं की परत मनगटावर. लोडशेडिंगसाठी एक पॉवर बँक देव्हाऱ्याखाली ठेवली आहे, तिला घरातलं कोणी फोन लावत नाही.