किशोरवयीन मुलांचा दमा : गृहभेटीत या चुका टाळा

दम्याचा त्रास असलेल्या मुलाच्या घरी आशाताई किंवा परिचारिका जाते, तेव्हा बहुतेक वेळा ती सोप्यात बसून त्याच्या आईशीच बोलते आणि ज्याची छाती घरघरते तो मुलगा दाराच्या चौकटीला टेकून नुसता ऐकत राहतो. माझ्या मते गृहभेटीतील सर्वांत मोठी चूक हीच आहे. लहान मुलाचे औषध आईच्या हातात असते. पण आठवी-नववीतले मूल दिवसभर शाळा, क्लास, एसटी आणि मैदान यांत असते आणि धाप तिथेच लागते. म्हणून किमान दहा मिनिटे त्याच्याशी किंवा तिच्याशी स्वतंत्रपणे बोलावे. मित्रांसमोर पंप (इनहेलर) ओढण्याची लाज, चोरून ओढलेली सिगारेट, किंवा ‘दमा आहे हे कळले तर पुढे लग्नाला अडचण येईल’ म्हणून मुलीला घरातूनच मिळालेली गप्प राहण्याची ताकीद, यांतले काहीही आईवडिलांसमोर बाहेर येत नाही. दम्याला ‘ॲलर्जी’ म्हणून झाकणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्या झाकण्याची किंमत त्या मुलीची फुफ्फुसे मोजतात.

‘बरे आहे ना?’ हा प्रश्नही निरुपयोगी ठरतो, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. त्याऐवजी गेल्या चार आठवड्यांविषयी नेमके विचारावे : दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का, रात्री खोकल्याने किंवा धापेने जाग आली का, तात्पुरत्या आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, आणि खेळणे किंवा चालणे अर्धवट सोडावे लागले का. यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर दमा पुरेसा आटोक्यात नाही असे धरून डॉक्टरांकडे पाठवावे.

दुसरी घातक चूक केवळ निळ्या पंपावर विसंबण्याची आहे. साल्ब्युटामॉलचा हा पंप आकसलेल्या श्वासनलिका काही तासांपुरत्या मोकळ्या करतो. त्यांच्या आतील सूज मात्र रोजच्या स्टेरॉइडच्या पंपाने उतरते. दम्याविषयी जागतिक मार्गदर्शन करणाऱ्या ‘जीना’ने २०१९ पासून १२ वर्षे व त्यापुढील रुग्णांना केवळ निळ्या पंपावर ठेवू नये असे स्पष्ट सांगितले आहे. तरीही बरे वाटताच रोजचा पंप बंद केला जातो, कारण ‘पंपाची सवय लागते’ ही भीती घराघरांत बसलेली आहे. ती भीती रागावून जात नाही. गोळीतील औषध रक्तातून सर्व शरीरभर फिरते, तर पंपातील मायक्रोग्रॅमभर औषध थेट फुफ्फुसात उतरते आणि त्याचे व्यसन लागत नाही, हे शांतपणे आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

‘पंप घेतोस का?’ असे विचारू नये. ‘कसा घेतोस, ते दाखव’ असे म्हणावे. फवाऱ्याचा पंप न हलवणे, आधी श्वास पूर्ण न सोडणे, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) कपाटात ठेवून देणे आणि दोन फवारे लागोपाठ मारणे, हे दोष समोर पाहिल्याशिवाय कळत नाहीत. स्पेसर लावून हळू, खोल श्वास घ्यावा, दहा सेकंद रोखावा आणि दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटाने घ्यावा. कॅप्सूलच्या पावडरीचा पंप मात्र जोरात ओढावा लागतो, आणि दोन्ही प्रकार वापरणाऱ्या मुलांची इथेच गल्लत होते. स्टेरॉइडनंतर चूळ भरून थुंकावी. स्पेसर साबणाच्या पाण्याने धुऊन तसाच वाळू द्यावा. कापडाने पुसल्यास औषध आतील भिंतीला चिकटते.

पथ्याबाबत उलटी चूक होते. दही बंद, केळी बंद, कबड्डी बंद अशी यादी दिली जाते, पण घरात संध्याकाळी होणारी डासांची धुरी, कासवछाप उदबत्ती आणि चूल यांकडे कोणी पाहत नाही. सांगलीच्या शिवारात उसाचे पाचट जाळले जाते तेव्हा आणि हळदीला पॉलिश करतानाची धूळ उडते तेव्हा मुलाला तिथे कामाला नेऊ नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या कृष्णाकाठच्या घरांत भिंतींची ओल आणि बुरशी आवर्जून तपासावी. खेळ मात्र थांबवू नये. खेळताना धाप लागत असेल तर मैदानावर जाण्यापूर्वी कोणता पंप घ्यायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

झटका आल्यावर वाफ देण्यात किंवा छातीला बाम चोळण्यात वेळ घालवू नये. मुलाला ताठ बसवावे आणि स्पेसरमधून निळ्या पंपाचे चार फवारे एकेक करून द्यावेत. चार मिनिटांत उतार पडला नाही तर १०८ ला फोन करून पुन्हा चार द्यावेत. वाक्य पुरे बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न पाहता आधी १०८ बोलवावी आणि गाडी येईपर्यंत फवारे देत राहावे. झटका ओसरला तरी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावे आणि त्याच आठवड्यात पुन्हा गृहभेट द्यावी. त्या भेटीत पंप कपाटातून नव्हे, दप्तरातून काढून दाखवायला सांगावे.