हीदरची छाटणी कशी करावी

हीदर हे थंड प्रदेशातलं बुटकं फुलझुडूप, आणि ते लावणं सोपं आहे. भरपूर ऊन, पाण्याचा चांगला निचरा आणि ४.५ ते ५.५ सामूची (pH) आम्लधर्मी माती एवढं जमवा. खालची पानं मातीला टेकतील इतकं रोप खोल लावा. पहिल्या वर्षी मुळांशी ओल राहू द्या. खत मात्र घालू नका. निकस माळावरचं हे झुडूप मुळांतल्या बुरशीच्या मदतीने आपली सोय स्वतः करतं. जमीन चुनखडीची असेल तर कुंडीत लावा.

खरी गोम छाटणीत आहे. ‘झुडूप बोडकं दिसायला लागलं की बुडापासून कापा, जोमाने फुटेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. गुलाबाला तो चालेल, हीदर त्याने मरतं. त्याच्या जून लाकडाला सहसा फुटवा येतच नाही.

म्हणून कात्री लावण्याआधी एक फांदी हातात धरून नीट बघा. टोकाला वाळलेली तपकिरी फुलं, त्याखाली बारीक खवल्यांसारख्या पानांचा हिरवा भाग आणि तळाशी उघडं लाकूड. काप घ्यायचा तो सुकलेल्या फुलांच्या लगेच खाली, हिरव्या भागात. कापाखाली हिरवी पानं उरलीच पाहिजेत. सगळा माथा एका पातळीत सपाट करू नका, झुडपाच्या गोलाईनेच कात्री फिरवा.

शरदात फुलणाऱ्या कॅल्युना या हीदरच्या प्रकाराची छाटणी हिवाळा सरताना, नवी पालवी यायच्या आत करावी. तोवर वाळकी फुलं राहू द्या, थंडीत कोवळ्या शेंड्यांना त्यांचा आडोसा होतो. हिवाळ्यात फुलणारा दुसरा प्रकार, एरिका कार्निया, मात्र बहर ओसरताच छाटा. आणि हे दरवर्षी, लावल्याच्या पहिल्या वर्षापासून. एखादं वर्ष चुकलं की हिरवा भाग वर सरकतो, तो पुन्हा खाली आणता येत नाही.

आधीच बोडकं झालेलं झुडूप? कापू नका. मुळांसकट उपटून फक्त शेंडे वर राहतील इतकं खोल पुरा. पुरलेल्या फांद्यांना मुळं फुटली की वेगळ्या करून लावा. हे एक प्रकारचं दाब कलमच.

फुलदाणीसाठी तुरा अर्धा उमलला असतानाच कापा, पूर्ण उमललेली फुलं लवकर झडतात. वाळवायची असतील तर जुडी बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटी टांगा. कॅल्युनाच्या काही जातींच्या कळ्या कधीच उमलत नाहीत, त्यामुळे रंग कितीतरी आठवडे टिकतो. फुलदाणीसाठीच झाड लावायचं असेल तर मी याच जाती घ्यायला सांगेन.