सोनेरी केस रंगवताय? या चुका टाळा

डिस्नेच्या ‘टँगल्ड’मधली रापन्झेल रंगवायला घेतली आणि कागदावर हळद लागलेली नवरी उमटली, असं झालंय का? यात हाताचा दोष थोडा, बाटलीचा जास्त. ‘केस सोनेरी’ म्हटलं की आपण लेमन यलोचं झाकण उघडतो आणि थेट फासतो. सोनेरी केसांत पिवळा कमी, फिका तपकिरीच जास्त असतो. यलो ऑकरमध्ये, म्हणजे मातकट पिवळ्यात, पांढरा मिसळून मधला थर द्या. लेमन यलो उजेड पडतो तिथेच, तोही चवीपुरता.

याहून वाईट चूक म्हणजे सावलीसाठी काळा. पिवळ्यात काळा गेला की शेवाळ तयार होतं. एलिमेंटरीला बसलेल्यांना तरी हे आठवायला हवं. सावलीला बर्न्ट सिएना, म्हणजे लालसर तपकिरी घ्या, अगदी गडद कोपऱ्यात किंचित जांभळा. शेवाळ आधीच झालं असेल तर कागद फाडू नका. पोस्टर कलर अपारदर्शक असतो, पूर्ण वाळू द्या आणि वरून घट्ट रंगाचा एकच हात फिरवा. घासत बसलात तर खालचा हिरवा पुन्हा विरघळून वर येतो. टॅबलेटवर काम करणारेही हीच चूक वेगळ्या वाटेने करतात: पिवळा नुसता गडद करतात. गडद करताना तो नारिंगीकडे सरकवा.

केस एकेक करून काढू नका, झाडू होतो. रापन्झेलचे केस ७० फूट लांब. ते तिच्या चित्रकारांनीही आधी लाटांसारखे, मोठ्या पट्ट्यांतच बघितले असणार. आधी पट्टा, मग सावली, सुट्या बटा शेवटी आणि मोजक्या. तिच्या भुवया मात्र तपकिरी आहेत, त्या पिवळ्या करू नका. केस कापल्यावर ते कुठल्या रंगाचे होतात, हे चित्रपट पाहिलेल्यांना माहीत आहेच!

आता खरी गफलत: कोणाचं सोनेरी? १९५०च्या चित्रपटातली सिंड्रेला नीट बघा, तिचे केस लालसर, नारिंगीकडे झुकणारे आहेत. दप्तरं आणि डब्यांवर ती पिवळीधमक झाली आणि आपण डबा बघून चित्र काढतो. ‘फ्रोजन’मधली एल्सा दुसऱ्या टोकाला. तिचा रंग इतका फिका की लोक सरळ पांढरा लावतात आणि तिची आजी होते. पांढऱ्यात थेंबभर ऑकर घाला, सावली मात्र निळसर राखाडी ठेवा. वेणी तिच्या डाव्या खांद्यावरून येते. आरशातल्यासारखी उलटी काढलेली मी किती पाहिली!

कॉमिक्सचं गणित वेगळं. ‘आर्ची’ कॉमिक्समधली बेटी कूपर १९४१ सालची. तेव्हाची अमेरिकी कॉमिक्स स्वस्त कागदावर चार शाईंत छापली जात, म्हणून तिचे केस सपाट पिवळे. त्यांवर छटा चढवल्या की ती बेटी वाटतच नाही. शिवाय बेटी आणि वेरोनिकाचा चेहरा जवळपास एकच, फरक केसांचा. पोनीटेल चुकली की ओळख गेली. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर आर्चीचं एखादं जुनं डायजेस्ट मिळालं तर ते समोर ठेवून काढा, मोबाइलवरच्या चित्रावरून नको.

ब्लॅक कॅनरी या कॉमिक्समधल्या नायिकेत तर भलेभले फसतात. १९४७च्या मूळ कथांमधली डायना ड्रेक, म्हणजे खरी ब्लॅक कॅनरी, काळ्या केसांची; सोनेरी असतो तो तिचा वेशांतराचा टोप. तिला फुलांच्या दुकानात, साध्या कपड्यांत दाखवताना केस पिवळे केलेत तर तिचं गुपितच फोडलंत. ‘सेलर मून’ या जपानी मालिकेतल्या उसागी आणि मिनाको या दोघीही सोनेरी, तिथे रंगापेक्षा आकार सांभाळा: उसागीचे दोन अंबाडे आणि त्यांतून सुटणाऱ्या शेपट्या, मिनाकोचे मोकळे केस आणि लाल रिबन.

‘द सिम्प्सन्स’ या कार्टून मालिकेतल्या लिसा सिम्प्सनला यातलं काहीच लागू नाही. तिची कातडी आणि केस एकाच पिवळ्याचे. कपाळ संपून केस कुठे सुरू होतात ती रेघच नाही. नीटनेटकेपणाच्या हौसेने ती रेघ ओढलीत की लिसा गेली. तिथे मात्र बाटलीतला पिवळा खुशाल फासा.