हेवी लायसन आलं, एजन्सीचा फोन आला, आता निघायच्या आधी काय काय पाहायचं

माझ्या मावसभावाचं हेवी, म्हणजे ट्रक चालवायचं लायसन, मागच्या आठवड्यात आलं आणि तिसऱ्याच दिवशी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या, ड्रायव्हर पुरवणाऱ्या एका एजन्सीवाल्याचा फोन, सोमवारी ये, गाडी उभीच आहे. मावशी खुश, पोट्टं खुश, मी पण खुश, पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, काहून की मी पण असाच गेलो होतो पहिल्यांदा, एक पिशवी आणि खिशात लायसन. तेव्हा कोणी सांगणारं नव्हतं. म्हणून त्याला फोनवर जे सांगून राहिलो ते सगळं लिहून काढतो, आमच्याकडं दर गावात अशी दोन-चार पोट्टी यंदा ट्रक लाईनवर चालली आहेत, त्यांच्याही कामात येईल.

आधी कागद, ते लवकर उरकतात. लायसनवर हेवीची एन्ट्री नीट चढली का पाहा, तारीख पाहा, ट्रान्सपोर्टचं लायसन ५ वर्षांचंच असतं, घरच्या मोटरसायकलच्या लायसनसारखं लांब मुदतीचं नसते. डिजिलॉकरमध्ये टाकून ठेव, ते पोलीस-आरटीओला चालतं. आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, आठ-दहा फोटो, डॉक्टरचं मेडिकल, आणि ठाण्यातून चारित्र्य पडताळणीचा अर्ज आजच टाक, त्याला दिवस लागतात आणि बऱ्याच कंपन्यांचे गेट त्याच्याशिवाय उघडत नाहीत. डोळे तपासून घे खरंच, रात्री समोरच्या गाडीचा लाईट पसरल्यासारखा दिसत असेल तर चष्मा लागतो, त्यात लाजायचं काय. प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स. आणि हे ध्यानात ठेव भाऊ, एजन्सीला झेरॉक्स द्यायची, ओरिजनल लायसन कोणाकडंच जमा करायचं नाही. "ऑफिसात राहू दे, सेफ राहील" असं म्हणतात, मग नोकरी सोडायची वेळ आली की तेच लायसन अडकवून ठेवतात.

आता एजन्सीशी बोलणं, आणि इथंच आपली पोट्टी मार खातात, कारण आपल्याला वाटते नवीन आहो, जास्त विचारलं तर हाकलतील. नाही हाकलत, ड्रायव्हर त्यांनाही पाहिजेच असतो. तर विचारायचं की पगार महिन्याचा आहे की ट्रिपवर, भत्ता रोजचा किती आणि तो निघताना हातात भेटते की आल्यावर, गाडी दोन दिवस गेटवर उभी राहिली तर त्या दिवसांचं काय, डिझेलचं अ‍ॅव्हरेज किती धरता आणि कमी बसलं तर कापता का, माल कमी भरला किंवा डॅमेज झाला तर कोणाच्या अंगावर. पगार एजन्सी देणार की गाडीमालक हे तर पहिलं विचार, नाही तर महिना संपल्यावर हा म्हणते त्याला विचार आणि तो म्हणते याला विचार. पीएफ कापणार असतील तर यूएएन नंबर, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, माग आणि आपल्या मोबाईलवर पासबुक उघडते का ते पाहा. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, विचार, उद्या हातपाय मोडला तर तेच कामात येते. काम लावून देण्याचे पैसे मागितले तर सरळ उठून ये. हे सगळं तोंडी झालं की त्याच माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं, "साहेब आपलं असं असं बोलणं झालं, बरोबर आहे ना", तो हो म्हणाला की झालं, तेवढा एक मेसेज पुढं लय कामात येते.

गाडी कोणती देणार तेही आधीच विचार. नवीन आहेस तर पहिला एखादा महिना छोटी गाडी माग, नाही तर जुन्या ड्रायव्हरसोबत डबल ड्रायव्हर म्हणून चार ट्रिपा माग. पास होताना मैदानात रिकामी गाडी चालवली होती आपण, भरलेली गाडी ब्रेक मारल्यावर कुठं जाऊन थांबते ते त्या मैदानावर समजत नाही. गॅसचा किंवा केमिकलचा टँकर देऊन राहिले तर नाही म्हणायचं, त्याचं वेगळं ट्रेनिंग असते आणि लायसनवर वेगळी एन्ट्री लागते, ती नसताना काही झालं तर इन्शुरन्स हात वर करते.

मग सगळ्यात मोठी गोष्ट, चावी हातात घ्यायच्या आधीचा अर्धा तास. माझं सांगतो. पहिल्याच आठवड्यात सकाळी पाचला बोलावलं, दहा चाकांची गाडी, दहा चक्का, उभी होती, सुपरवायझर म्हणे लवकर काढ, लोडिंगला उशीर होऊन राहिला. मी चावी घेतली आणि निघालो. हिंगणघाटच्या पुढं मागच्या जोडीतला आतला टायर फुटला. त्या टायरला जुना कट होता, आधीच्या ड्रायव्हरला माहीत होतं, सुपरवायझरलाही माहीत होतं, मलाच माहीत नव्हतं. टायरचे पैसे माझ्या दोन महिन्यांच्या पगारातून गेले, कारण मी गाडी घेतली तेव्हा टायर खराब होता याचा माझ्याजवळ काहीच पुरावा नव्हता. घरी तेव्हा बहिणीच्या फीचे पैसे द्यायचे होते, ते दिवस मी अजून विसरलो नाही.

म्हणून चावी द्यायला लागले की म्हणायचं, दादा अर्धा तास द्या, गाडी पाहून घेतो. मोबाईलचा व्हिडिओ चालू करून गाडीला पूर्ण फेरी मारायची, नंबर प्लेटपासून सुरू करून बंपर, काचा, आरसे, डाला (माल भरायचा मागचा भाग), मागचे लाईट, स्टेपनी, जॅक-पाना आहे की नाही, मीटरवरचे किलोमीटर, डिझेलचा काटा, आणि बीएस-६ गाडी असेल तर धूर साफ करणाऱ्या युरियाच्या टाकीचा काटा पण. जिथं खरचटलं, फुटलं, तिथं थांबून जवळून घ्यायचं. व्हिडिओ तिथंच एजन्सीवाल्याला आणि सुपरवायझरला पाठवून द्यायचा. टायर प्रत्येक पाहायचा, आतल्या जोडीत वाकून, दोन टायरच्या मधात गिट्टी फसली असेल तर काढायची, टॉमीनं, म्हणजे लोखंडी रॉडनं, ठोकून आवाज ऐकायचा, हवा भरलेला टायर टणक वाजते, बसलेला भद्द करते, हे एकदा जुन्या माणसाजवळ उभं राहून ऐकून घे म्हणजे कायमचं कानात बसते. चाकांचे नट पाहा, नटाखालून गंजाची लालसर लकीर उतरली असेल तर नट ढिल्ला असू शकतो. एअर टँकचं, म्हणजे ब्रेकच्या हवेच्या टाकीचं, पाणी काढ. गाडी चालू करून हवा भरेपर्यंत उभं राहा, बझर बंद झाल्याशिवाय हलवायची नाही, मग बंद करून ब्रेक दाबून धर आणि हवेचा काटा पडते का पाहा. डिपर, इंडिकेटर, ब्रेक लाईट, मागं लाल रिफ्लेक्टर. आपल्या रस्त्यावर रात्री बिनालाईटची गाडी उभी असली की मागून येणारा मोटरसायकलवाला सरळ आत जाते, असे किती गेले आपल्या तालुक्यात, म्हणून लाईट नसेल तर गाडी काढायची नाही म्हणजे नाही.

गाडीचे कागद एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून पाहता येतात, इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसी, परमिट सगळ्यांच्या तारखा. फिटनेस ८ वर्षांपर्यंतच्या गाडीची दर २ वर्षांनी होते आणि त्यापुढं दरवर्षी, म्हणून जुनी गाडी असेल तर तिथं जास्त पाहायचं. इन्शुरन्स संपलेली गाडी कोणी कितीही गोड बोलून दिली तरी घेऊ नको.

पिशवीत काय घ्यायचं ते आई भरून देईलच, तरी सांगतो. दोन जोड कपडे, चादर, बंद बूट (खाणीच्या आणि सिमेंटच्या गेटवर चपलेनं आत घेत नाहीत, हेल्मेट आणि चमकणारं जॅकेट पण लागते), टॉर्च, चार्जर, पॉवर बँक, एक वही, दोन पेन, हातमोजे, थोडी रोकड वेगळ्या खिशात. दोन-तीन दिवस टिकणाऱ्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. एप्रिल-मे असेल तर पाणी हे सामान नाही, औषध समज. चंद्रपूर-नागपूरकडं पारा ४५ च्या वर जाते आणि जुन्या गाडीच्या कॅबिनमध्ये इंजिनची गरमी वेगळी. जुने ड्रायव्हर समोर पाण्याची छागल (कापडी पिशवी) लटकवत, आता जार ठेवतात, काहीही ठेव पण दर तासाला पी, सोबत ओआरएसची पाकिटं, डोक्याला दुपट्टा. आणि उन्हात टायर गरम झाला की हवा वाढलेली दिसते, ती काढायची नाही, थंड झाल्यावर कमी पडते, हवा सकाळी थंड्या टायरातच पाहायची.

मालाचं पण समजून घे. वणी-घुग्घुसकडं कोळशावर लागलास तर भरतानाची काटा पावती (वजनाची पावती) आणि खाली करतानाची काटा पावती दोन्हीचे फोटो, ताडपत्री स्वतः चढून पाहायची, घट आली की पहिले ड्रायव्हरवरच बोट येते. दोन चक्के पुढं आणि चार मागं अशी साधी दोन अ‍ॅक्सलची गाडी वजनासकट १८.५ टन, दहा चक्का २८.५ टन, त्याच्यावर भरून दिलं तर दंड २०,००० पासून सुरू होते आणि जास्तीच्या दर टनाला २,००० वेगळे. चेकपोस्टवर मालक नसते, तू असते. कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगला जाशील तर खुल्या कापसाची गाडी उंच भरतात, गावातून जाताना लोंबलेल्या तारा खाली उतरून पाहायच्या, आणि गाडीच्या आसपास विडी-सिगारेट कोणालाच ओढू द्यायची नाही, हमाल असो की मालक असो, कापूस पेटला की विझवायला वेळच भेटत नाही. कापसाच्या दाबून बांधलेल्या गाठी लांब जातात, थेट कोइम्बतूरच्या गिरण्यांपर्यंत, तेवढी लांब ट्रिप पहिल्याच महिन्यात घेऊ नको. बिल्टी (ट्रान्सपोर्टची माल-पावती), बिल आणि ई-वे बिल (माल नेण्याचं जीएसटीचं ऑनलाइन बिल) हातात आल्याशिवाय गेट सोडायचं नाही, ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, गाडी बिघडून अडकलास तर लगेच फोन करून वाढवून घ्यायला सांग.

झोपेचं मी हात जोडून सांगतो. समृद्धीवर रस्ता सरळच सरळ, गाडी ८० च्या वर न्यायची नाही, आणि अर्ध्या तासात डोळे उघडे असून डोकं झोपते. रात्री बारा ते पहाटे पाच शक्यतो थांबायचं, पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर, रस्त्याच्या कडेला नाही. कायद्यानं ड्रायव्हरची ड्युटी दिवसाला ८ तास आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास आराम आहे, कोणी लगातार मारायला सांगितलं तर हे माहीत असू दे. घाटात न्यूट्रल कधीच नाही, डिझेल वाचते म्हणणाऱ्याचं ऐकू नको, ज्या गिअरमध्ये चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची. दिवाळीनंतर संध्याकाळी कापसाच्या बंड्या आणि ट्रॅक्टर विनालाईट रस्त्यावर असतात, ते आपलेच लोक आहेत, स्पीड आपणच कमी करायचा.

आणि देव न करो पण काही झालंच तर पळायचं नाही. १०८ ला फोन, ११२ ला फोन, हायवे असेल तर १०३३. जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांत २४ तासांच्या आत कळवणं हे ड्रायव्हरचं कामच आहे कायद्यात, पण जमाव अंगावर येऊन राहिला असेल तर जीव वाचवून सरळ जवळच्या ठाण्यात जायचं आणि तिथून दवाखान्याचा फोन करायला लावायचा, कायदा जमावाची ती अडचण मानते. हे नंबर मोबाईलमध्ये नाही फक्त, वहीच्या पहिल्या पानावर लिही, मोबाईल फुटू शकते.

त्याच वहीत रोज रात्री चार ओळी लिहायच्या, कुठून कुठं, किती किलोमीटर, किती डिझेल, किती भत्ता भेटला. आणि एक कागद मावशीजवळ ठेवून जा, एजन्सीचं नाव, तिथल्या माणसाचा नंबर, गाडीचा नंबर, माझा नंबर. गाडी बदलली की नवीन नंबर तिला फोनवर सांगायचा, तिला लिहिता येत नाही तर शेजारच्या पोरीकडून लिहून घेईल ती. सोमवारी मी पण येतो बुटीबोरीला, गाडीची पहिली फेरी सोबतच मारू.